वीरगळीपासून फ्लेक्सपर्यंत

(१२ जानेवारीच्या हुतात्मा दिनानिमित्त सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'हुतात्मा' हा शब्द सोलापूरकरांच्या तोंडी जितका आहे, तितका महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्याही शहरात नसेल. "उद्या हुतात्मा गाठायची आहे, पहाटेच उठवा" असे आपण घरी सांगतो, ते पुण्याच्या गाडीबद्दल. "या रविवारी हुतात्माला कोणाचे नाटक आहे?" असे विचारतो, ते हुतात्मा स्मृती मंदिराबद्दल. बाहेरगावच्या पाहुण्याला आपण चार पुतळ्यांपाशी उतरायला सांगतो. शब्द जिवंत आहे, रोजच्या वापरात आहे, आणि हे मी टीका म्हणून सांगत नाही. ज्या गावाने आपली गाडी, आपले नाट्यगृह आणि आपला चौक बलिदानाच्या नावाने ओळखावा असे ठरवले, त्या गावाचे मन त्या काळी नक्कीच मोठे होते. परंतु त्या गाडीत बसणाऱ्या दहा प्रवाशांना चार हुतात्म्यांची नावे विचारून पाहावीत, आणि मग त्याच दहा जणांना त्या रविवारच्या नाटकातल्या नटाचे नाव विचारावे. उत्तर तुम्हांला ठाऊक आहे.

म्हणून आधी ती चार नावे उच्चारू. मल्लप्पा धनशेट्टी. श्रीकिसन सारडा. जगन्नाथ शिंदे. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुसलमान. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची वार्ता आली आणि सोलापूर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण पडला. संतप्त जमावाने पोलीस चौकी जाळली, पोलिसही मारले गेले. नंतरचे तीन-चार दिवस या शहरात सरकार नावाची वस्तू उरली नव्हती. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, आणि पुढल्या वर्षी, १२ जानेवारी १९३१ रोजी, येरवड्याच्या कारागृहात या चौघांना फाशी देण्यात आली. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांच्या फाशीच्या सव्वादोन महिने आधी. ज्या तिथीला आपण जिजाऊसाहेबांची आणि विवेकानंदांची जयंती साजरी करतो, तीच ही तारीख.

हे चौघे सैनिक नव्हते. आज मला बोलायचे आहे ते गणवेशात पडलेल्यांबद्दल. पण दोहोंना जोडणारा हा शब्द आहे. 'शहीद' या शब्दाला स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'हुतात्मा' हा प्रतिशब्द दिला. यज्ञात ज्याची आहुती पडली तो. इथे मरणाला नव्हे, अर्पणाला महत्त्व आहे. गंमत अशी की, आपल्या सेनादलांच्या अधिकृत परिभाषेत 'शहीद' हा शब्द नाही. शासनाने संसदेत हे वेळोवेळी स्पष्ट केले आहे, आणि २०२२ मध्ये लष्कराने आपल्या विभागांना पत्र पाठवून हा शब्द टाळण्यास आणि सर्वोच्च बलिदान, कर्तव्यावर असताना वीरमरण अशा अर्थाचे शब्द वापरण्यास सांगितले. वृत्तपत्रात आम्ही मात्र मथळ्याच्या जागेचा हिशेब करून तीन अक्षरे छापत राहतो. शब्दांचा हा आग्रह पंडिती वाटेल, पण ज्याला आपण नेमके नाव देत नाही त्याची आठवणही नेमकी राहत नाही.

आपल्या पूर्वजांपाशी यासाठी एक साधन होते. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या देवळाच्या आवारात, वेशीपाशी, पारावर कलत्या अवस्थेतला एखादा कोरीव दगड दिसतो. त्यालाच वीरगळ म्हणतात. ती खालून वर वाचायची असते. सर्वांत खालच्या चौकटीत वीर धारातीर्थी पडलेला दिसतो किंवा लढताना दिसतो. कुठे समोर घोडेस्वार असतात, तर कुठे पळवून नेलेली गुरे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला हात धरून वर नेत असतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर कलश, आणि बाजूंना चंद्र-सूर्य. जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहो, असा त्या चिन्हांचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला शिलाहारकालीन वीरगळी आहेत, त्यांवर चक्क नौकायुद्ध कोरलेले आहे.

लक्षात घ्या, या वीरगळी राजांच्या नाहीत. गावाची गुरे सोडवताना पडलेला कोणी गावकरी, वेस राखताना कामी आलेला कोणी पाईक, अशा माणसासाठी गावाने पाथरवटाला बोलावले आणि मजुरी दिली. त्या काळी ना छायाचित्र होते ना वृत्तपत्र. तरी एका साध्या माणसाचे मरण आठशे वर्षे टिकेल अशी व्यवस्था त्या खेड्याने केली. खंत एकच. बहुतेक वीरगळींवर नाव नाही. गावाला नाव ठाऊक होते, मग ते कशाला कोरायचे, असे त्यांना वाटले असावे. पुढे पिढ्या गेल्या, नाव विसरले, आणि आज त्याच दगडाला शेंदूर फासून आपण म्हसोबा म्हणून नारळ फोडतो. पूजा चालू आहे, पण कोणाची, ते कोणालाच ठाऊक नाही.

दुसरी एक गोष्ट आपल्या परंपरेत होती, आणि तिच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. अफझलखानाच्या प्रसंगानंतर, १६५९ मध्ये, शिवछत्रपतींनी काय केले याची नोंद सभासदाच्या बखरीत आहे. जे लढाईत पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेऊन चालवले, आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिले. पुढे मराठी राज्यकारभारात याला बालपरवेशी असे नावच पडले. विजयाच्या धामधुमीत, खान पडल्याची वार्ता मुलूखभर फिरत असताना, कोणी तरी कारकून बसून पडलेल्यांची आणि त्यांच्या बायकामुलांची यादी करत होता. मला त्या यादीचे मोल कोणत्याही पोवाड्याइतकेच वाटते. तानाजीच्या नावाने सिंहगड ओळखला जातो, ४ फेब्रुवारीला मराठा लाइट इन्फन्ट्री आपला रेजिमेंट दिन पाळते, हे योग्यच आहे. पण प्रत्येक तानाजीमागे शेकडो मावळे असतात, आणि त्यांच्या घरची चूल यादीवर पेटते.

आता आजच्याकडे येतो. माझे आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेले, म्हणून आतली एक साधी गोष्ट सांगतो. मोठ्या दैनिकांच्या आता जिल्हावार आवृत्त्या असतात. बार्शी तालुक्यातला जवान सीमेवर पडला, तर ती बातमी सोलापूर आवृत्तीत पहिल्या पानावर येते. पुणे आवृत्तीत ती आतल्या पानावर जाते, आणि नागपूरला बहुधा पोहोचतच नाही. एखाद्या नटाला मुलगी झाली तर मात्र ती बातमी सर्व आवृत्त्यांत एकाच दिवशी, छायाचित्रासह. कोणी दुष्टपणाने हे करत नाही. हिशेबच तसा बसलेला आहे. जवानाला जिल्हा असतो. नटाला आणि क्रिकेटपटूला जिल्हा नसतो. देशासाठी मेलेला माणूस मरणानंतर आपल्या जिल्ह्यापुरता उरतो, यापरता विरोधाभास कोणता?

जून २०२० आठवा. घराघरांत टाळेबंदी होती, सारा देश दूरदर्शन संचापुढे बसलेला. १४ जून, रविवार. वांद्र्याच्या घरी सुशांतसिंह राजपूत या तरुण नटाचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी, १५ जूनच्या रात्री, गलवानच्या खोऱ्यात गोठवणाऱ्या थंडीत आपले वीस सैनिक चिनी सैन्याशी हातघाईच्या झुंजीत पडले. १६ बिहार बटालियनचे प्रमुख कर्नल संतोष बाबू त्यांत होते. ते तेलंगणातल्या सूर्यापेटचे. आमच्या सोलापुरात पूर्व भागातल्या घराघरांत तेलुगू बोलली जाते, त्यामुळे तेलंगणा आम्हांला परका नाही. पहिले चार-पाच दिवस वाहिन्यांनी गलवान दाखवले, ते मान्य केले पाहिजे. नंतर काय झाले? त्या नटाच्या मृत्यूचा तपास महिनोन्महिने रोज संध्याकाळी घराघरांत चालला. कोणाचा भ्रमणध्वनी, कोणाचे संदेश, कोणती गाडी कुठे गेली, सर्व आपल्याला तोंडपाठ झाले. तो तरुण मुलगा गेला याचे दुःख खोटे नव्हते; त्याच्या वडिलांचे दुःख तर मुळीच नव्हते. परंतु ते दुःख ज्यांनी विकायला मांडले, त्यांनी आपला वेळ घेतला, आणि तो आपण दिला. नायब सुभेदार नुदुराम सोरेन, हवालदार के. पळनी, नाईक दीपक सिंह, शिपाई गुरतेज सिंह यांना मरणोत्तर वीरचक्र मिळाले, संतोष बाबूंना महावीरचक्र. आज या सभागृहात यांतली किती नावे आपण पहिल्यांदा ऐकली?

आणि त्याच महिन्यात, २३ जून रोजी, पुलवामात अतिरेक्यांशी चकमक झाली. तीत केंद्रीय राखीव पोलीस दलाचे हेड कॉन्स्टेबल सुनील काळे कामी आले. गाव पानगाव, तालुका बार्शी. आपल्याच जिल्ह्यातले. केंद्रीय राखीव पोलीस दल गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, म्हणून दिल्लीतील राष्ट्रीय समर स्मारकावर त्यांचे नाव नसते. पोलीस दलांच्या हुतात्म्यांसाठी चाणक्यपुरीत २०१८ मध्ये वेगळे स्मारक झाले. सरकारी खाती वेगळी असतील. पानगावच्या आईला ही विभागणी कशी समजावणार?

त्याआधी २९ नोव्हेंबर २०१६ रोजी जम्मूजवळ नगरोट्याच्या लष्करी तळावर हल्ला झाला. अतिरेकी निवासी भागात शिरले होते, आत सैनिकांची कुटुंबे होती. स्त्रिया व मुले सुखरूप बाहेर आली. दोन अधिकारी आणि पाच जवान गेले. त्या दोन अधिकाऱ्यांतले एक मेजर कुणाल गोसावी, आपल्या पंढरपूरचे. चंद्रभागेच्या गावी दरवर्षी लाखो लोक येतात. त्यांतल्या एकानेही तिथे कधी मेजर गोसावींचे घर कुठे आहे असे विचारले असेल का?

आता थोडे कडू बोलतो. नोव्हेंबर २००८. मुंबईवर हल्ला झाला आणि कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे, विजय साळसकर यांच्यासह अशोक कामटे पडले. कामटेसाहेब त्याच वर्षापर्यंत सोलापूरचे पोलीस आयुक्त होते. इथल्या गुंडगिरीला त्यांनी कसा चाप लावला, ते इथल्या रिक्षावाल्यापासून व्यापाऱ्यापर्यंत सर्वांना आठवते. ते गेल्याचे कळले तेव्हा या शहराला घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. तिकडे मुंबईत, ताज हॉटेलमधली झुंज संपल्यावर लगेचच, तेव्हाचे मुख्यमंत्री पाहणीला गेले ते आपल्या अभिनेत्या पुत्राला आणि एका चित्रपट दिग्दर्शकाला बरोबर घेऊन. रक्ताचे डाग अजून वाळले नव्हते. लोक चिडले, आणि थोड्याच दिवसांत त्यांना पद सोडावे लागले. समाजाचा विवेक तेव्हा जागा होता, हे नमूद केले पाहिजे. पण ज्या व्यवस्थेला त्या जागी दिग्दर्शकाला नेण्यात काही वावगे वाटले नाही, त्याच व्यवस्थेकडून आपल्या पतीच्या अखेरच्या तासांत नेमके काय घडले हे जाणून घेण्यासाठी विनीता कामटे यांना माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला. बिनतारी संदेशांच्या नोंदी मिळवून त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. हुतात्म्याच्या पत्नीला अशोकचक्र देताना आपण उभे राहतो. तिने प्रश्न विचारले की आपण बसून घेतो.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. साताऱ्याच्या केडंबे गावचा हा माणूस आधी सैन्यात होता, नंतर मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला त्यांचे नाव दिले. मला त्या संशोधकांचे फार कौतुक वाटते. त्यांच्या हाती एक नाव द्यायचे होते, आणि ते त्यांनी कोणा नटाला न देता ओंबळे यांना दिले.

चित्रपटांनी तरी जवानांना लोकांपर्यंत नेले ना, असे मला तरुण मित्र विचारतात. नेले. २०२१ मध्ये आलेल्या 'शेरशाह'मुळे कॅप्टन विक्रम बात्रा हे नाव अनेक मुलांनी प्रथमच ऐकले, आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. फक्त त्या मुलांना बात्रांचा चेहरा आठवायला सांगा. त्यांच्या डोळ्यांपुढे नट येतो. ज्याने सोंग घेतले तो आठवणीत राहिला, आणि ज्याचे घेतले तो सोंगामागे गेला.

कारगिलने आणखी एक बदल घडवला. १९६२, ६५, ७१ च्या युद्धांत घरी तार येई, पुढे कधी तरी सामानाची पेटी येई, आणि अंत्यसंस्कार बहुधा रणभूमीजवळच झालेले असत. १९९९ मध्ये प्रथमच शेकडो शवपेट्या गावोगाव आल्या. खेड्यांनी आपल्या मुलाला तिरंग्यात पाहिले, हजारोंनी गर्दी केली, वाटेवर रांगोळ्या घातल्या. तो उमाळा खरा होता, आजही खरा असतो. पण त्याच गर्दीत आज फ्लेक्सही शिरला आहे. जवानाच्या श्रद्धांजलीचा फलक पाहा. कोपऱ्यात पासपोर्टएवढे जवानाचे छायाचित्र आणि भोवती जिल्हास्तरापासून वॉर्डस्तरापर्यंत पुढाऱ्यांचे हसरे चेहरे. श्रद्धांजलीच्या फलकावर हसरे छायाचित्र देऊ नये, एवढेही भान उरत नाही, कारण वाढदिवसाच्या फलकासाठी काढलेले तेच छायाचित्र छापखान्यात तयार असते. आणि हे सर्वच पक्षांचे आहे. आपल्या विचाराच्या मंडळींनीही आरशात पाहावे. वीरगळीवर वीर आणि देव होते, तिसऱ्या कोणाला जागा नव्हती.

तेराव्यानंतर काय होते? फलक उतरतो. घोषणा झालेल्या मदतीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो. पंचविशीतली वीरपत्नी, कडेवर मूल, तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसते. सासर आणि माहेर यांत निवृत्तिवेतनावरून कुरबुरी होतात, हेही सत्य आहे आणि आपण ते झाकू नये. अशा वेळी तिच्याबरोबर कचेरीत जाणारा एक जाणता माणूस हजार मेणबत्त्यांहून उपयोगी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यासाठीच आहे. पण ते कुठे आहे हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. शाळेत मुलांच्या खिशाला कागदी झेंडा लावतात, घरून दहा रुपये आणायला सांगतात, आणि संपले. तो निधी कोणासाठी आहे, एवढे दोन वाक्यांत सांगायला वर्गशिक्षकाला किती वेळ लागेल?

काही घरांनी आपली वाट स्वतः काढली. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात पडले. दोन मुलांची आई असलेल्या स्वाती महाडिक यांनी पुढे खडतर प्रशिक्षण पूर्ण केले आणि २०१७ मध्ये त्या स्वतः लष्करी अधिकारी झाल्या. मुलींना आदर्श हवा असतो, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. साताऱ्याला जायला आपल्याला किती तास लागतात?

त्याच साताऱ्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. गावाच्या नावापुढेच 'मिलिटरी' लागते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांचे स्मारक गावात आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस सैन्यात जात राहिला. तिथल्या पोराला सैनिकाचे कौतुक शिकवावे लागत नाही. त्याच्यासाठी सैनिक पडद्यावर नसतो, शेजारच्या ओट्यावर असतो.

दिल्लीला २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय समर स्मारक झाले. स्वातंत्र्यानंतर पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिथल्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत आहेत. उशीर झाला, पण झाले. परमवीरचक्र मिळवणाऱ्या एकवीस वीरांची नावे २०२३ मध्ये अंदमानातल्या बेटांना दिली, त्यांत कारवारजवळ जन्मलेले आपले रामा राघोबा राणेही आहेत. राष्ट्राने आपले काम केले आहे. मात्र दिल्लीच्या भिंतीवर नाव, हुद्दा आणि पलटण असते. तिथे तालुका नसतो, गाव नसते. माढ्याचा कोण, सांगोल्याचा कोण, हे ती भिंत सांगत नाही. ते सांगण्याचे काम माढ्याचे आणि सांगोल्याचे आहे.

म्हणून एक छोटे काम मागतो. आपल्या जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याची यादी आपण करायची. नाव, गाव, पलटण किंवा दल, कुठे आणि कोणत्या दिवशी पडला, घरी आज कोण आहे, आणि त्यांचे कोणते काम कोणत्या कचेरीत अडले आहे. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका. १९६२ आणि ६५ चे लोक आधी घ्या, कारण त्यांना ओळखणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांच्यापाशी वेळ थोडा आहे. जुनी तार कोणाच्या ट्रंकेत असेल तर तिचे छायाचित्र काढून घ्या, मूळ कागद घरच्यांपाशीच राहू द्या. यादी झाली की २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती मोठ्याने वाचायची, हार-तुरे नकोत, फलक नको, फक्त वाचायची. गावची शाळा जवळ असेल तर मुलांना बोलवा.

दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तिचे पहिले पान उत्तर सोलापूरचे, शेवटचे करमाळ्याचे. बार्शीच्या पानावर सुनील काळे आणि पंढरपूरच्या पानावर मेजर कुणाल गोसावी ही दोन नावे मी येताना लिहिली आहेत. आपापल्या गावचे जे नाव आठवेल ते जाताना त्या पानावर लिहून जा, आणि खाली आपला दूरध्वनी क्रमांक द्या, म्हणजे पुढच्या रविवारी त्या घरी कोणी जायचे ते ठरवता येईल.